मुळांवरील गांठी आणि बेवडाचा हिशेब

द्विदल पीक घेतलें म्हणजे जमिनीस खत दिल्यासारखेंच होतें, हा समज आपल्या भागांत पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. हरभऱ्याचा बेवड चांगला, मुगाचा त्याहून चांगला, आणि तुरीच्या पालापाचोळ्यानें रान सुधारतें, हें किनवट तालुक्यांतील कोणत्याही जाणत्या शेतकऱ्यास सांगावें लागत नाहीं. समज खरा आहे. परंतु तो अर्धा खरा आहे. उरलेला अर्धा भाग ध्यानांत न घेतल्यामुळें आपण सोयाबीन आल्यापासून जमिनीशीं जो व्यवहार चालविला आहे तो नुकसानीचा आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. सोयाबीन हें द्विदल पीक, सबब तें वर्षानुवर्षें एकाच रानांत घेतलें तरी बिघडत नाहीं, उलट जमिनीस नत्र मिळतें, असें पुष्कळ शेतकरी बोलून दाखवितात. हा हिशेब एकदां कागदावर मांडून तपासला पाहिजे, म्हणून हा लेख.

हवेंत शेंकडा ७८ भाग नत्रवायु आहे. एक एकर जमिनीवर जी हवा उभी आहे तिच्यांत सुमारें ३१ हजार टन नत्र भरतें. आणि त्याच एकरांतील कपाशी नत्रावांचून पिवळी पडते. कारण असें कीं, नत्रवायूचे दोन अणु एकमेकांस इतके घट्ट धरून असतात कीं वनस्पतीस ते सोडवितां येत नाहींत. जर्मनींतील फ्रिट्झ हाबर ह्यानें १९०९ सालीं हवेंतील नत्रापासून अमोनिया करण्याची रीत सिद्ध केली, व कार्ल बॉश ह्यानें १९१३ सालीं ओपाउ येथें त्या रीतीचा पहिला मोठा कारखाना चालू केला. आपण जो युरिया गोणीनें आणतों तो अशाच अमोनियापासून होतो. त्यासाठीं चारशें-पांचशें अंश उष्णता, प्रचंड दाब आणि पुष्कळ इंधन लागतें. तेंच काम द्विदल झाडांच्या मुळांवरील गांठींत राहणारे सूक्ष्म जीवाणू पावसाळ्याच्या साध्या हवेंत, भट्टीवांचून, करितात.

आपल्या पूर्वजांनीं बेवड ओळखला तो अनुभवानें. त्याचें कारण मात्र १८८६ सालापर्यंत कोणी सिद्ध केलें नव्हतें. त्या वर्षीं हेर्मान हेलरीगेल ह्या जर्मन शास्त्रज्ञानें बर्लिन येथें आपले प्रयोग जाहीर केले. त्यानें व त्याचा सहकारी विल्फार्थ ह्यानें नत्र नसलेल्या वाळूच्या कुंड्यांत ओट आणि वाटाणा लावला. ओट नत्रावांचून खुरटला. निर्जंतुक वाळूंतील वाटाणाही खुरटलाच. परंतु शेतांतील मातीचें थोडें पाणी घातलें असतां त्याच्या मुळांवर गांठी धरल्या आणि तो जोमानें वाढला. पुढें १८८८ सालीं हॉलंडमधील बायरिंक ह्यानें त्या गांठींतून जीवाणू वेगळे काढून वाढविले. आपल्या देशांत ह्या विषयावरील पहिलें शास्त्रीय काम एन. व्ही. जोशी ह्यांनीं १९२० सालीं प्रसिद्ध केलें, आणि १९५६ सालीं येथें अशा जीवाणूंचें व्यापारी उत्पादन सुरू झालें. किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यांतून निघून नांदेड जिल्ह्यांत आला तें वर्षही हेंच. म्हणजे आपण नांदेडकर झालों तेव्हांपासून ही सोय देशांत आहे. तरी अजूनही पुष्कळ बियाणें जीवाणू न लावतांच तिफणींत पडतें.

हा व्यवहार कसा चालतो तें समजून घेतलें म्हणजे पुढील सर्व गोष्टी उलगडतात. बीं रुजून मुळें पसरूं लागलीं कीं त्यांतून कांहीं द्रव्यें मातींत पाझरतात. तीं ओळखून त्या पिकाच्या सोबतीचे जीवाणू मुळांच्या केसांसारख्या तंतूंजवळ जमतात व आपल्याकडील खुणेचें द्रव्य सोडतात. दोहोंची खूण पटली तर तंतूचें टोंक वळतें, जीवाणू आंत शिरतात, आणि तेथें गांठ बांधली जाते. पेरणीनंतर दोन-तीन आठवड्यांनीं गांठी डोळ्यांस दिसूं लागतात व फुलोऱ्याच्या सुमारास त्यांचें काम ऐन भरांत असतें. जीवाणूंतील जें द्रव्य नत्राची जोडी फोडतें तें प्राणवायूनें बिघडतें. उलटपक्षीं जीवाणूंस श्वासासाठीं प्राणवायु हवाच. ही अडचण गांठींतच सुटलेली आहे. आपल्या रक्तास लाली आणणाऱ्या द्रव्याच्या जातीचें एक द्रव्य गांठींत तयार होतें, आणि तें प्राणवायु बेताबेतानें पोंचवितें. म्हणूनच चालू गांठ नखानें चिरली असतां आंतून गुलाबी अथवा तांबडी दिसते. आंतून पांढरी किंवा हिरवट निघालेली गांठ काम करीत नाहीं असें समजावें.

झाड पानांत तयार झालेली साखर जीवाणूंस पुरवितें व जीवाणू झाडास नत्र देतात. हा बटईचाच करार होय. बटईंत जसा हिशेब ठेवावा लागतो तसा झाडही ठेवतें. टोबी कीयर्स व त्यांचे सहकारी ह्यांनीं अमेरिकेंत सोयाबीनवर केलेला ह्याचा सुंदर प्रयोग २००३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांनीं कांहीं गांठींभोंवतीं साध्या हवेऐवजीं अशी हवा ठेविली कीं जींत नत्र जवळजवळ नव्हतेंच. जीवाणूंस काम करण्याची इच्छा असो वा नसो, देण्यास नत्र मिळेना. तेव्हां झाडानें त्या गांठींचा प्राणवायु आंखडला, आणि तेथील जीवाणूंची वाढ सुमारें निम्म्यावर आली. नत्र न देणाऱ्या भागीदारास झाड पोसत नाहीं, हें त्यावरून दिसून आलें.

युरियाच्या प्रश्नाचा निकालही ह्यांतच आहे. गांठी पोसण्यास झाडाची साखर खर्च होते. मातींतून आयतें नत्र मिळालें तर झाड तो खर्च करीत नाहीं. परभणीच्या कृषि विद्यापीठाची सोयाबीनसाठीं शिफारस दर हेक्टरीं ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद व ३० किलो पालाश अशी आहे. म्हणजे एकरीं नत्र १२ किलो. गांठी कामास लागेपर्यंतच्या पहिल्या तीन आठवड्यांची ती शिदोरी आहे, व ती पेरणीच्या वेळींच द्यावयाची आहे. पुढें पीक थोडें फिकट दिसलें, शेजाऱ्यानें गोणी आणली, म्हणून आपणही ४५ किलोची गोणी एकरभर फेकली, तर जवळजवळ २१ किलो नत्र वरून पडतें. पीक आठवड्यांत काळेंभोर दिसूं लागतें खरें, परंतु मुळांवरील गांठी मंदावतात, आणि जें हवेंतून फुकट येत होतें तेंच आपण दुकानांतून विकत घेतों. भारी जमिनींत सोयाबीन पिवळें पडण्याचें कारण पुष्कळदां सांचलेलें पाणी किंवा लोहाची उणीव हें असतें. त्यावर युरिया हा उपाय नव्हे.

आतां कोणी विचारील कीं, आमच्या वडिलांनीं कधीं जीवाणूंचें पाकीट आणलें नाहीं, तरी तुरीच्या मुळांवर गांठी होत्याच. मग आतांच हा खर्च कां? प्रश्न रास्त आहे. तूर, मूग, उडीद, चवळी व भुईमूग ह्यांच्या सोबतीचे जीवाणू एकमेकांस बरेचसे चालतात, आणि हीं पिकें ह्या मातींत पूर्वापार असल्यामुळें ते येथें मुक्कामास आहेत. सोयाबीन हें मूळचें पूर्व आशियांतील पीक. त्याच्या सोबतीचे जीवाणू निराळे. जेथें तें पीक कधीं झालें नाहीं तेथील मातींत ते असण्याचा संभव थोडा. हरभऱ्याचेही जीवाणू त्याचे स्वतःचे आहेत. सोयाबीनचें पाकीट हरभऱ्यास किंवा तुरीचें पाकीट सोयाबीनला लावून उपयोग होत नाहीं. शेंग धरणारें प्रत्येक झाड नत्र बांधतें असेंही नाहीं. पळस व बाभूळ ह्यांच्या मुळांवर गांठी येतात. परंतु पावसाळ्यांत बांधावर माजणारा तरोटा आणि दारची चिंच हीं शेंगा धरूनही गांठी धरीत नाहींत. तेव्हां केवळ कुळाच्या नांवावर विसंबूं नये. मूळ उपटून पाहावें.

ह्यानंतर मुख्य हिशेब. आंकडे अंदाजी आहेत, पण अंदाज धरून चालण्याजोगे आहेत. सोयाबीनच्या दाण्यांत शेंकडा ४० च्या सुमारास प्रथिनें असतात. त्यामुळें एका क्विंटलांत सुमारें ६ किलो नत्र असतें. ज्या एकरांत ८ क्विंटल सोयाबीन पिकलें तेथून केवळ दाण्यांतून ४८ किलो नत्र बाजारांत गेलें. पानें, काड्या व मुळें धरून सर्व पिकानें उचललेलें नत्र ६४ किलोच्या आसपास भरतें. गांठी चांगल्या असल्या तर त्यांतील निम्म्याहून थोडा अधिक वांटा हवेंतून येतो. तो ३५ किलो धरूं. आतां ताळा पाहा. हवेंतून जमा ३५ किलो, दाण्यांतून खर्च ४८ किलो. तूट १३ किलो. पेरणीच्या वेळचें १२ किलो नत्र जमेस धरलें तर खातें जेमतेम बरोबरीस येतें. ही झाली उत्तम गांठींची व सर्व काडीकचरा रानांतच राहिला असतांची गोष्ट. गांठी नीट न धरल्यामुळें हवेंतील वांटा २० किलोवर आला, तर बाकीचे सर्व नत्र जमिनीनें आपल्या गांठीचें दिलें असें होतें.

त्यापुढें भुसकट. मळणी यंत्रामागें पडणारा ढीग, ज्यास कोणी गुळी म्हणतात तर कोणी कुटार, पुष्कळ ठिकाणीं रब्बीच्या घाईंत पेटवून दिला जातो. एकरीं १० क्विंटल भुसकट धरलें तर त्यांत ८ किलोच्या सुमारास नत्र असतें. राखेंत पालाश व स्फुरद मागें राहतात. नत्र जवळजवळ सगळें धुरांतून जातें. जीवाणूंनीं तीन महिने खपून हवेंतून आणलेलें नत्र आपण एका सायंकाळीं हवेस परत करितों. असें रान पुढल्या वर्षीं कपाशीस दिलें म्हणजे कपाशी युरिया मागते, आणि मग द्विदलाचा बेवड हल्लीं लागत नाहीं असें आपण म्हणतों.

आजोबांचा मुगाचा बेवड खरा होता, कारण त्याचें खातें निराळें होतें. एकरीं ३ क्विंटल मूग झाला तर दाण्यांतून ११-१२ किलो नत्र जाई. शेंगा तोडल्यावर उभें राहिलेलें हिरवें झाड वखराखालीं रानांतच मोडे. तुरीच्या एका क्विंटलांत साडेतीन किलोच्या आसपास नत्र असतें, म्हणजे सोयाबीनहून पुष्कळ कमी. शिवाय सहा महिने तिचा पाला रानांत गळत असतो आणि खोल गेलेलीं मुळें जागींच कुजतात. त्या काळीं दावणीस गुरें भरपूर होतीं. भुसकट त्यांनीं खाल्लें तरी शेणाच्या रूपानें तें उकिरड्यावर व तेथून रानांत परत येई. आज दावणी ओस पडल्या, उकिरडे आटले, आणि ८ क्विंटल दाण्याबरोबर जाणाऱ्या नत्राची भरपाई कोण करणार हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं.

सोयाबीन सोडावें असा आमचा आग्रह नाहीं. तीन-साडेतीन महिन्यांत रोकड देणारें आणि हरभऱ्यास रान मोकळें करून देणारें दुसरें पीक आज आपल्याजवळ क्वचितच आहे, आणि ज्याच्या घरीं दसऱ्यास देणेकरी बसतो त्यास बेवडाचा उपदेश करून भागत नाहीं. परंतु त्याच शेतकऱ्यास युरियाची एक गोणीही जड असते. म्हणून जें हवेंतून मिळूं शकतें तें पुरतें मिळविणें व मिळालेलें जाळून न टाकणें, हें सर्वांत अधिक त्याच्याच हिताचें आहे. त्यासाठीं आमच्या सूचना पुढीलप्रमाणें.

पहिली सूचना बीजप्रक्रियेची. दर १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम जीवाणू खत असें प्रमाण आहे. एकरीं २६ ते ३० किलो सोयाबीन पेरणारास तीन पाकिटें पुरतात. बुरशीनाशक लावावयाचें असल्यास तें आधीं, कीटकनाशक त्यानंतर, आणि जीवाणू सर्वांच्या शेवटीं लावावे. गुळाच्या थंड केलेल्या पाण्यांत खत कालवून तें बियाण्यावर हलक्या हातानें फिरवावें. सोयाबीनची साल नाजूक असल्यामुळें चोळूं नये. बियाणें सावलींत सुकवून त्याच दिवशीं पेरावें. पाकीट घेतांना पिकाचें नांव व मुदतीची तारीख वाचावी. केंद्र सरकारच्या १९८५ च्या खत नियंत्रण आदेशांत २००६ सालीं जीवाणू खतांचा समावेश झाला. त्याप्रमाणें ह्या खताच्या एक ग्रॅम भुकटींत निदान ५ कोटी, व द्रवरूप खताच्या एक मिलिलिटरांत निदान १० कोटी जिवंत जीवाणू असले पाहिजेत. हे जीव आहेत. मे महिन्याच्या उन्हांत पत्र्याखालीं राहिलेल्या पाकिटांत ते जिवंत राहत नाहींत. सबब तें सावलींत व थंड जागेंत ठेवणाऱ्या विक्रेत्याकडूनच घ्यावें.

दुसरी सूचना पाण्याची व स्फुरदाची. गांठींस हवा लागते. पैनगंगेच्या कांठच्या काळ्या, चिकण रानांत पाणी तुंबलें कीं गांठी गुदमरतात. तेथें रुंद वरंबा-सरीवर पेरणी करावी, म्हणजे पाणी सरीनें निघून जाईल व उघडीप पडल्यास वरंब्यांत ओल राहील. डोंगरउतारावरील बरड रानांत उलट अडचण. तेथें उतारास आडवी पेरणी करून ओल धरावी. नत्र बांधण्याच्या कामांत स्फुरद पुष्कळ खर्चीं पडतें, म्हणून खतावरील पैसा वांचवावयाचाच असला तर तो वरून फेकावयाच्या युरियाचा वांचवावा, पेरणीच्या सुपर फॉस्फेटचा नव्हे.

तिसरी सूचना भुसकटाची. तें जाळूं नये. गुरें असतील तर खाऊं घालावें; नसतील तर शेणकाल्यासह खड्ड्यांत कुजवावें, किंवा कपाशीच्या व तुरीच्या तासांमध्यें पसरून द्यावें. एवढें केल्यानें बेवड एकदम लागेल असें नाहीं, परंतु खात्याची गळती तरी थांबेल.

चौथी सूचना फेरपालटीची, आणि ती आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. किनवट व माहूरच्या डोंगरपट्ट्यांत ज्वारीसोबत तूर, मूग, उडीद व चवळी मिसळून पेरण्याची चाल जुनी आहे. ती आपण सोयाबीनच्या सलग पेऱ्यापायीं टाकीत चाललों. कपाशीच्या कांहीं तासांआड एक तास तुरीचा धरावा. सोयाबीनमध्येंही तुरीचे तास धरतां येतात. एक वर्षाआड तरी एका तुकड्यांत मूग किंवा उडीद घ्यावा. जंगलाला लागून असलेल्या शेतांत रानडुकरें व रोही तूर टिकूं देत नाहींत, आणि मुगाच्या तोडणीस ऐन पावसांत माणसें मिळत नाहींत, ह्या तक्रारी खऱ्या आहेत. अशांनीं निदान बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला रानांत घालावा, अथवा एखाद्या तुकड्यांत ताग पेरून तो फुलावर येतांच गाडावा. तागाच्याही मुळांवर गांठी असतात. दाणा विकला जात नसल्यामुळें त्यानें बांधलेलें सर्व नत्र जमिनीसच मिळतें.

शेवटीं एक साधी परीक्षा. ज्या रानांत पुष्कळ वर्षें सोयाबीन होत आलें आहे तेथें त्याचे जीवाणू मातींत वसलेही असतील; तेथें पाकिटाचा फरक थोडा दिसेल किंवा दिसणारही नाहीं. तो खर्च करावा कीं न करावा हें दुकानदारास विचारण्याचें कारण नाहीं. पेरणीच्या वेळीं चार तास जीवाणू न लावलेल्या बियाण्याचे आधीं पेरून घ्यावे व तेथें खुंटी ठोकावी. सहाव्या आठवड्यांत दोन्हींकडचीं पांच-पांच झाडें कुदळीनें, मातीच्या ढेकळासह, अलगद काढावीं. ओढून काढल्यास गांठी मातींतच तुटून राहतात. मुळें पाण्यांत धुवून गांठी मोजाव्या, चिरून रंग पाहावा, आणि तें वहींत टिपून ठेवावें. मळणीच्या वेळीं त्या चार तासांचें धान्य निराळें मोजावें.

परभणीस १९१८ सालीं मुख्य प्रयोगक्षेत्र निघालें व १९७२ सालीं कृषि विद्यापीठ झालें. तेथील शिफारशी सबंध मराठवाड्यासाठीं आहेत. आपल्या उताराच्या, आपल्या मातीच्या तुकड्यांत त्या कितपत लागू पडतात, हें पाहण्याचें काम ज्याचें त्यानें करावयाचें आहे. प्रत्येक गांवांतील दोन-चार सभासदांनीं येत्या खरिपांत अशा खुंट्या ठोकून वह्या ठेवल्या, तर दिवाळीपर्यंत किनवटच्या काळ्या रानाचा व बरड रानाचा निरनिराळा हिशेब आपल्या हातीं येईल, आणि पुढल्या वर्षीं पाकीट किती, युरिया किती व मूग कोठें हें आपल्याच आंकड्यांवरून ठरवितां येईल.